पिंजरा मोठा की नटरंग?

दर बुधवारी या वेळेला आपण हप्ते, व्याज, शेळ्यांचा विमा असलं काहीतरी बोलतो. आज गाण्यांवर बोलायचं आहे. हसू नका. गेल्या दोन महिन्यांत आमच्या गटांमध्ये थकबाकीवरून झाली नाहीत एवढी भांडणं गाण्यांवरून झाली आहेत.

निमित्त होतं आठ मार्चच्या मेळाव्याचं. मेळाव्यात एक लावणी बसवायची आणि ती कुठली ते रेडिओवर मत मागवून ठरवायचं, असं आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत ठरवलं. साधं काम वाटलं होतं. पण साठीच्या पुढच्या सगळ्याजणी ‘पिंजरा’च्या बाजूने उभ्या राहिल्या आणि पस्तिशीच्या आसपासच्या ‘नटरंग’च्या. एक मावशी तर फोनवर म्हणाल्या, “पिंजऱ्यासारखी गाणी आता व्हायची नाहीत. आता नुसता धांगडधिंगा.” त्यावर त्यांच्याच सुनेने दुसऱ्या दिवशी फोन करून ‘नटरंग’ला मत दिलं. आणि नववीतल्या मुलींनी चिठ्ठी पाठवली की ताई, ही दोन्ही जुनी आहेत, आम्हाला ‘चंद्रा’ पाहिजे.

ती चिठ्ठी वाचून पस्तिशीच्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

तर प्रश्न असा आहे की एकदा गाजून गेलेल्या गाण्यांच्या संचाला नवा संच कधी मागे टाकू शकतो का? की जुनं ते जुनंच, त्याच्या वर कुणी जाऊच शकत नाही? हा वाद फक्त आपल्या गावात नाही. जगभर आहे. आपण तो आपल्या लावणीवरच तपासून बघू, कारण ती आपल्याला कळते.

आधी सामना सारखा आहे का ते बघू. पिंजरा आला १९७२ साली. व्ही. शांताराम यांचा चित्रपट, गाणी जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदम यांचं, आणि लावण्यांना आवाज उषा मंगेशकरांचा. नटरंग आला १ जानेवारी २०१० रोजी. रवी जाधव यांचा चित्रपट, मूळ कादंबरी आनंद यादवांची, गाणी गुरू ठाकूर यांची, संगीत अजय-अतुल यांचं आणि लावण्या बेला शेंडे यांनी गायलेल्या. दोन्ही गोष्टी तमाशाच्या आहेत. दोन्हींत ढोलकी आहे, तमाशाच्या नादाला लागून घरदार-अब्रू पणाला लावणारा पुरुष आहे, फडावर नाचणारी बाई आहे. म्हणजे आंब्याची तुलना आंब्याशीच होते आहे. अशी संधी क्वचित मिळते.

आता एक गोष्ट आपण विसरतो. पिंजरा आला तेव्हा तोही नवाच होता. त्याच्या तेरा वर्षं आधी, १९५९ साली, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला होता. गदिमांची गाणी, वसंत पवार यांचं संगीत, आशा भोसले यांनी गायलेली बुगडीची लावणी, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो चित्रपट सुमारे अडीच वर्षं चालला. ज्यांच्या कानात ती बुगडी बसली होती त्यांना पिंजऱ्याच्या लावण्या नवख्याच वाटल्या असणार. आज आपण दोन्हींना एकाच पंक्तीला बसवतो आणि दोन्हींना ‘जुनं सोनं’ म्हणतो. आणि पिंजऱ्याची गोष्ट तरी कुठे अस्सल इथली? ‘द ब्लू एंजल’ नावाच्या १९३० सालच्या जर्मन चित्रपटावरून ती घेतलेली. नाचणारीच्या पायी धुळीला मिळणारा मास्तर तिकडचाच. इकडे आणून त्याला असा काही मराठी केला की आपल्याला संशयसुद्धा येत नाही.

मग जुनं एवढं भारी का वाटतं?

पहिलं कारण आपल्या रोजच्या कामातलं आहे. चाळण. आपण गहू चाळतो तेव्हा खडे, कोंडा, किडका दाणा खाली जातो आणि वर राहतो तो चांगला दाणा. काळसुद्धा असंच चाळतो. १९७२ साली फक्त पिंजरा आला नव्हता, आणखीही चित्रपट आले, त्यांतही लावण्या होत्या. त्यांतल्या कितीजणी आपल्याला आठवतात? जी पडेल गाणी होती ती कुणी पुन्हा लावली नाहीत, कुणी पोरींना शिकवली नाहीत. ती गेली. पन्नास वर्षं चाळून उरलेले चार दाणे आपण एका हातात घेतो आणि दुसऱ्या हातात यंदाचं न चाळलेलं पोतं. आणि म्हणतो, बघा, यंदाच्या पिकात किती खडे! २०१० सालच्या गाण्यांची चाळणी आता कुठे सुरू झाली आहे. यंदाच्या गाण्यांची तर व्हायचीच आहे.

दुसरं कारण वयाचं. माणसाच्या आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसून आलं आहे की साधारण बारा-तेरा वर्षांपासून पंचविशीपर्यंत जे ऐकलं, पाहिलं, ते मनात सगळ्यात घट्ट बसतं. पुढे साठी-सत्तरी आली तरी आठवायला बसलं की त्या वयातलंच जास्त आठवतं. आता हिशेब करा. १९७२ साली जी पंधरा-सोळा वर्षांची होती ती आज सत्तरीकडे आली. तिला पिंजरा म्हणजे नुसतं गाणं नाही. जत्रेत लागलेला तंबू टॉकीज, खाली घातलेलं पोतं, आईपासून लपवून लावलेली पावडर, शेजारच्या गल्लीतली मैत्रीण जी पुढे लग्न होऊन लांब गेली, हे सगळं त्या गाण्यात आहे. नटरंगने कितीही जीव टाकला तरी ती मैत्रीण तो कुठून आणणार? आणि तिच्या सुनेच्या कानात नटरंग असाच बसला आहे. मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपये देऊन मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचो, ते दिवस. नववीतल्या मुली तर तेव्हा जन्मल्या तरी होत्या की नाही! ‘चंद्रा’ २०२२ सालची. तीही अजय-अतुल यांचीच, गायिका श्रेया घोषाल. आणि त्यावर नाचलेली अमृता खानविलकर नटरंगमध्येही नाचली होती. म्हणजे बाई तीच, संगीतकार तेच, आणि मधे बारा वर्षं गेली म्हणून एक गाणं जुनं आणि एक नवं.

पण एवढ्यावर ‘सगळं मनाचेच खेळ’ म्हणून विषय संपवता येणार नाही. जुन्याकडे एक गोष्ट होती जी आता खरोखर राहिलेली नाही. ती म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी ऐकणं.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १९५५ सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. गदिमा लिहायचे, सुधीर फडके चाल लावायचे, दर आठवड्याला एक नवं गाणं, असं पुढच्या रामनवमीपर्यंत. एकूण ५६ गाणी. त्या वेळी रेडिओ असायचा गावात एखाद्याकडे. तिथे माणसं जमायची, रेडिओला हार-फुलं वाहायची असं सांगतात. गाणं झालं की पुढच्या गाण्यासाठी आठवडाभर थांबायचं. त्या आठवडाभरात तेच गाणं गुणगुणायचं. म्हणजे एक गाणं मुरायला सात दिवस मिळायचे! आज आपल्या मुलीच्या फोनवर सात मिनिटांत वीस गाण्यांचे तुकडे सरकतात. त्यात गाण्याचा दोष नाही. लोणच्याला मुरू दिलं नाही तर उत्तम कैरी असली तरी काय उपयोग.

तंबू टॉकीज, लग्नातला कर्णा, एसटी स्टँडवरच्या हॉटेलातला रेडिओ, नंतर कॅसेटी. कॅसेटसुद्धा मजेची गोष्ट होती. एक बाजू संपली की उलटी करायची. मधलं नावडतं गाणं पुढे ढकलायचं तर बटण दाबून अंदाजाने थांबवायचं, त्यापेक्षा ऐकलेलं बरं. त्यामुळे एका संचातली सगळी गाणी, आवडती-नावडती, एकामागून एक कानावर पडायची आणि त्यांचा एक हार व्हायचा. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप ओठांवर यायचं. आता गाणी सुटी विकली जातात, सुटी ऐकली जातात. नटरंग हा बहुतेक अशा शेवटच्या हारांपैकी एक. त्यातली लावणी आठवली की ‘खेळ मांडला’ही आठवतं, जे लावणी नाहीच. ‘चंद्रा’ मात्र मुलींना एकटीच माहीत आहे. त्या चित्रपटातलं दुसरं गाणं सांगा म्हटलं तर तिघींपैकी एकीला सांगता आलं. म्हणून पिंजऱ्याच्या संचाशी ‘चंद्रा’ची तुलना करायची झाली तर ती हाराशी एका फुलाची तुलना होते.

मोजायचं कशाने, हाही घोळ आहे. ‘सांगत्ये ऐका’ आठवड्यांवर मोजला गेला. पुढे तबकड्या आणि कॅसेटी किती खपल्या त्यावर मोजलं. आता फोनवर किती वेळा लागलं त्यावर. अमेरिकेत तर गाणी मोजणाऱ्या ‘बिलबोर्ड’ने २०१४ साली यादीचा नियमच बदलला. तेव्हा ठरलं की गाणी ऐकवणाऱ्या सेवांवर एका संचातली गाणी मिळून १५०० वेळा वाजली की तो संच एकदा विकला गेला असं धरायचं. आता सांगा, दुकानात जाऊन पैसे मोजून आणलेली एक तबकडी आणि १५०० वेळा सरकलेला अंगठा, यांची बेरीज एका वहीत कशी मांडायची? आपल्या गटाच्या हिशेबात असं कुणी मांडलं असतं तर आपण लेखापरीक्षणात धरलं असतं.

आणि मोजणारे कोण, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. यासाठी जरा अमेरिकेतच थांबू, कारण तिथे याचा लेखी पुरावा आहे. तिथे ‘रोलिंग स्टोन’ नावाचं संगीताचं मासिक आहे. २००३ साली त्यांनी गायक, संगीतकार आणि समीक्षक यांची मतं घेऊन आजवरच्या सर्वांत श्रेष्ठ ५०० संचांची यादी केली. पहिला नंबर आला बीटल्स या इंग्लंडमधल्या चार तरुणांच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ या संचाचा. कित्येक वर्षं लोक असंच मानत होते की याच्या वर कुणी जाणार नाही. २०२० साली त्यांनी नव्याने मतं घेतली. या वेळी बियॉन्से, टेलर स्विफ्ट, बिली आयलिश अशा आजच्या गायिकाही मत देणाऱ्यांत होत्या. निकाल काय लागला? ‘सार्जंट पेपर’ पहिल्यावरून २४ वर गेला. पहिला आला मार्विन गे या कृष्णवर्णीय गायकाचा १९७१ सालचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. जोनी मिचेल नावाच्या गायिकेचा ‘ब्लू’, तोही १९७१ सालचाच, तिसावर होता तो तिसरा झाला. आणि लॉरिन हिल या कृष्णवर्णीय गायिकेचा १९९८ सालचा संच आधी तीनशेच्याही खाली होता, तो एकदम दहावा आला.

गाणी बदलली होती का? एक सूरसुद्धा बदलला नव्हता. तबकडी तीच. बदलले ते पंच.

आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, “म्हणजे सरपंच बदलला की रस्ता कुठल्या आळीला होतो ते बदलतं, तसंच की.” अगदी तसंच. ‘कुणी मागे टाकू शकत नाही’ या वाक्यात निम्मा भाग गाण्याचा असतो आणि निम्मा, मत कुणाला विचारलं याचा. यात आणखी एक गंमत बघा. त्या नव्या यादीतसुद्धा वर आले ते बहुतेक जुनेच संच. नव्याने जुन्याला हरवलं असं फारसं झालं नाही. एका जुन्याच्या सावलीत दुसरं जुनं दबून होतं, ते उजेडात आलं.

मग आमचं मत काय, असं तुम्ही विचाराल. विचाराच. आम्हाला वाटतं, एकास एक गाणं लावलं तर नटरंगची लावणी पिंजऱ्याच्या लावणीला कुठेही कमी नाही. बेला शेंडे यांच्या आवाजातला ठसका, मधेच घेतलेला श्वास, ढोलकीच्या बरोबर सम गाठणं, हे ऐकून जुन्याजाणत्या ढोलकीवाल्यांनीही मान हलवावी. उलट, ढोलकीचा खालचा घुमारा नटरंगमध्ये जास्त भरून येतो, कारण ध्वनिमुद्रणाचं तंत्र पुढे गेलं आहे. (फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकाल तर तो घुमारा ऐकूच येणार नाही, नुसती टकटक ऐकू येईल. मग म्हणाल, नव्या गाण्यात दम नाही. एकदा मोठ्या स्पीकरवर ऐका.) पण सगळा संच म्हणून धरला तर पिंजरा पुढे आहे. त्यात प्रत्येक गाणं गोष्टीला एक पायरी पुढे नेतं, मास्तर कुठल्या पायरीवर आहे ते गाण्यावरून कळतं. गाणं काढलं तर गोष्ट लंगडी होते. यावर आमच्यातच एकमत नाही, आणि ते असायला हवं असंही नाही.

मतमोजणीत नटरंग जिंकला, सात मतांनी. पण या सगळ्या वादात एक ताई गप्प होत्या, त्यांच्याबद्दल सांगायचं आहे.

गटात येऊन त्यांना दहा वर्षं झाली. कधी हप्ता चुकला नाही, इतिवृत्त त्याच लिहितात. बैठक संपल्यावर सगळ्या गेल्या, तरी त्या थांबल्या. म्हणाल्या, “ताई, तुम्ही दोन सिनेमांत भांडताय. माझी मावशी संगीत बारीत गायची. तिची लावणी ह्या दोन्हीत नाही.” दहा वर्षांत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. का माहीत नव्हतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तमाशातल्या बाईच्या घरची म्हटल्यावर आपल्याच गटात कुणी हळदीकुंकवाला बोलवायला मागेपुढे केलं असतं की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

त्या मावशी आता ऐंशीच्या आहेत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्या बसून गातात. बैठकीची लावणी ती. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, त्यांची ख्याती या बैठकीच्या लावणीतच होती. यात नाचायचं नसतं. बसल्या जागी एकच ओळ दहा तऱ्हांनी सांगायची, एकदा रुसून, एकदा हसून, एकदा भुवई उचलून, एकदा नुसता हात फिरवून. मावशींनी एक लावणी गायली, ती वीस मिनिटं चालली. आणि त्यांनी सांगितलं की ही आखडती घेतली, दम पुरत नाही आता.

वीस मिनिटं! इथे आम्हाला एकदम लक्षात आलं की आपण भांडत होतो त्या सगळ्या लावण्या तीन ते पाच मिनिटांच्या का आहेत. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. हिंदुस्थानात पहिल्यांदा तबकड्यांचं ध्वनिमुद्रण झालं ते १९०२ साली कलकत्त्यात, आणि त्यातली सर्वांत गाजलेली गायिका गौहरजान. तीही कोठ्यावर गाणाऱ्यांतली. तासभर रंगणारा राग तिने तीन मिनिटांत बसवून दाखवला. पुढे गाण्याची तीच लांबी झाली. चित्रपटाने तीच उचलली. जी लावणी त्या मापात बसली ती तबकडीवर गेली, तबकडीवर गेली ती गाजली, गाजली ती जुनं सोनं झाली. जी वीस मिनिटांची होती ती मावशींच्या छातीत राहिली. तिची ना तबकडी, ना कॅसेट, ना कुठल्या यादीत नंबर. तिला कुणी मागे टाकलं नाही, कारण तिला कुणी शर्यतीत उभंच केलं नाही.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंही असंच झालं असतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव बायकांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आता त्यांतल्या काही ‘पारी’च्या संकेतस्थळावर फोनवर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि गावासकट. कुठल्याही चित्रपटाच्या संचापेक्षा हा संच मोठा आहे. तो मोठा झाला कारण कुणीतरी जात्यापाशी येऊन बसलं.

मावशींची लावणी आम्ही रेडिओवर लावली. त्यांनी अट घातली होती की नाव सांगायचं नाही. नातीचं लग्न ठरायचं आहे. गौहरजान आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव ठणठणीत सांगायची. बाहेरदेशी तबकडी तयार करणाऱ्यांना ती कुणाची ते कळावं म्हणून. आज सव्वाशे वर्षांनी आमच्या मावशींना नाव झाकावं लागतं. आम्ही निवेदनात ‘आपल्याच भागातल्या एक ज्येष्ठ गायिका’ एवढंच म्हटलं.

प्रसारणानंतर एका भाऊंचा फोन आला. म्हणाले, बायकांच्या कार्यक्रमात हे असलं कशाला? त्यांना आम्ही विचारलं, “भाऊ, गेल्या आठवड्यात याच वेळेला नटरंग लागलं होतं, तेव्हा फोन नाही केलात?” ते म्हणाले, “ते सिनेमातलं आहे.” बघा म्हणजे. तीच लावणी पडद्यावरून आली की कला, आणि शेजारच्या घरातून आली की ‘असलं’. त्याच दिवशी चार बायकांचेही फोन आले. त्यांतल्या एका आजींनी विचारलं, अमुक लावणी येते का त्यांना? आम्ही मावशींना विचारलं. येते म्हणाल्या.

म्हणून फर्माईशीच्या कार्यक्रमात एक बदल केला आहे, तो सांगून ठेवते. पाच गाण्यांपैकी दोन जुनी चित्रपटांतली, एक नवं, मुलींच्या पसंतीचं. उरलेली दोन आपल्याच गावांतून ध्वनिमुद्रित केलेली. यात आम्ही कुणावर उपकार करत नाही. सामुदायिक रेडिओच्या सरकारी नियमातच आहे की निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा. चित्रपटाची गाणी जुनी लावा की नवी, ती त्या निम्म्यात धरली जात नाहीत. आणि पैशांचंही बोलू. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला, तेव्हापासून चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांचा गाण्याच्या कमाईतला वाटा कुणाला काढून घेता येत नाही. चांगलंच झालं. आमच्या मावशींच्या लावणीला असा काही वाटा नाही. म्हणून ग्रामसंघाने ठरवलं आहे की जी बाई ध्वनिमुद्रणाला बसेल तिला त्या दिवसाची मजुरी द्यायची. रोज बुडवून कुणी गायला येणार नाही, आणि येऊही नये.

दर गुरुवारी दुपारी दोन ते चार आम्ही ध्वनिमुद्रणाला येतो. ज्यांच्या घरी कुणाला लावणी, ओवी, भलरी, गौळण, काहीही येत असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिव ताईंकडे नाव द्यावं. केंद्रावर येणं जमत नसेल तर आम्ही घरी येऊ. फक्त पंखा बंद करावा लागेल आणि कोंबड्या बाहेर ठेवाव्या लागतील. गाणं कितीही लांब असलं तरी चालेल, मधे तोडणार नाही. नाव सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. आम्ही वहीत दोन रकाने केले आहेत, एक सांगायच्या नावाचा आणि एक झाकायच्या. झाकलेलं नाव पुढे कधी उघडावंसं वाटलं तर येऊन सांगा, त्या दिवशी ते गाणं नावासकट पुन्हा लावू.

आणि मेळाव्यात मुली नटरंगवर नाचणार आहेत. तालीम शाळेत, रोज साडेपाचला. घुंगरांचे तीन जोड कमी पडत आहेत, कुणाकडे असतील तर पाठवून द्या.